कोळीण नव्हे, कोष्टीण

वाळवंटात माणसाला सगळ्यात जास्त कशाची गरज पडते, असं कोणी विचारलं तर मी पाणी म्हणणार नाही. पाणी मी गाडीत भरलेलं असतं. गरज पडते ती बाथरूमची. अ‍ॅरिझोनातल्या चँडलरहून निघाल्यावर पहिलं पेसनला, दुसरं हेबरला, तिसरं होलब्रुकला आणि चौथं गनाडोला. कुठलं स्वच्छ, कुठे पायऱ्या नाहीत, कुठे आत कडी लागत नाही, हे मला तोंडपाठ आहे. माझ्या धंद्याचं निम्मं भांडवल तेच. उरलेल्या निम्म्यात एक लाकडी पाट येतो. गाडीची पायरी उंच असते आणि सत्तरीच्या गुडघ्यांना ती चढवत नाही, म्हणून प्रत्येक थांब्यावर मी आधी उतरते, पाट मांडते आणि हात देते. दिवसातून वीस वेळा.

मी इथल्या मराठी मंडळींच्या आईवडिलांना फिरवते. हे लोक सहा महिन्यांसाठी येतात. पहिला महिना कौतुकात जातो. दुसऱ्या महिन्यात मुलगा-सून दिवसभर कामात, फुटपाथवर माणूस दिसत नाही, गाडी चालवता येत नाही. मग वडील गॅरेज आवरायला घेतात आणि आई फ्रीज. तिसऱ्या महिन्यात सुनेचा मला फोन येतो. "मेधाताई, पुढच्या बुधवारी जागा आहे का? कितीही मागची सीट चालेल."

बुधवारी सकाळी नेते, शुक्रवारी संध्याकाळी आणून सोडते. सहा प्रवासी, सातवी मी. ग्रँड कॅन्यनला मुलं स्वतःच नेतात, म्हणून मी तिकडे जात नाही. मी जाते ते वर, इथल्या मूळच्या नावाहो लोकांच्या भूमीत, कॅन्यन डी शे नावाच्या दरीत. लाल दगडाचे उभे कडे, तळाशी वाळूचं पात्र आणि त्या पात्राच्या काठाने आजही लोकांची शेतं, मेंढ्या, पीचची झाडं. ती जागा त्यांना पवित्र आहे. देऊळ नाही, घंटा नाही, रांग नाही, सबंध दरीच पवित्र. त्यामुळे नावाहो गाईडशिवाय दरीच्या तळाशी कोणाला उतरता येत नाही. मलाही नाही. तिथे मी फक्त दुभाषी.

सगळ्यांनाच ती आवडते असं नाही. एकदा एका गृहस्थांनी कड्यावर उभं राहून पाच मिनिटं पाहिलं आणि मला विचारलं, "बरं, आणि बघायचं काय आहे?" मी म्हटलं, "हेच." ते म्हणाले, "हे तर नुसते दगड." दुपारी गाडीत बसून त्यांनी फोनवर क्रिकेट पाहिलं आणि चहा मात्र उत्तम होता असं सांगून गेले. मला राग येत नाही. चहा उत्तम असतोच.

आणखी एक भानगड वेळेची. उन्हाळ्यात अ‍ॅरिझोना घड्याळ पुढे करत नाही, पण नावाहोंची भूमी करते. हद्द ओलांडली की फोनमधलं घड्याळ आपोआप एक तास पुढे उडी मारतं. बीपीची गोळी आठला घेणारे काका मग गोंधळतात. मी पहिल्याच दिवशी सांगते, "गोळ्या पोटाच्या घड्याळाने घ्या, गाडीत माझ्या घड्याळाने बसा."

नियम मी होलब्रुकनंतर सांगते, कारण आधी सांगितले तर विसरतात. बोट दाखवायचं नाही. तिकडे ते असभ्य समजतात, ओठ पुढे काढून दिशा दाखवतात. न विचारता माणसांचे फोटो काढायचे नाहीत. मेलेल्या माणसांचा विषय काढायचा नाही. दरीतून काही उचलायचं नाही आणि दरीत काही ठेवायचं नाही.

हा शेवटचा नियम मी फार कडकपणे सांगते. एका वर्षी एका काकूंनी कड्याजवळच्या गुळगुळीत दगडाला हळदकुंकू लावलं. माझं लक्ष नव्हतं, मी पाट मांडत होते. "पवित्र आहे म्हणालीस ना? मग कोरडाच ठेवायचा का?" असं त्या निरागसपणे म्हणाल्या. मी ओला टिश्यू घेऊन पुसायला गेले आणि बोटाएवढा ठिपका हातभर पसरला. इतकी वर्षं हळदीकुंकू करून कुंकू ओल्याने पुसायचं नसतं हे मला तिथे कळलं. आमची गाईड लॉरेन ओरडली नाही. तिने गाडीतून पाण्याचा कॅन आणि ब्रश आणला, गुडघ्यांवर बसून तो दगड घासला आणि मग सबंध एक सीझन माझा फोन उचलला नाही. पुढे बोलायला लागली तेव्हा एवढंच म्हणाली, "आपल्या दारावर कोणी अनोळखी माणूस रंगाने सही करून गेला तर तुला कसं वाटेल?" दुसरा गाईड मला मिळाला असता. लॉरेन मिळाली नसती.

एवढं सांगितल्यावर विमलकाकूंची हकीकत सांगता येईल.

विमलकाकू येवल्याच्या. घरात पैठणीचा माग, नवरा विणकर. मुलगी प्राची इथे चँडलरला चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. लग्नानंतर नऊ वर्षांनी तिला दिवस राहिले, म्हणून काकू बाळंतपणाला आल्या होत्या. आदल्या वर्षी त्यांचे यजमान गेले होते.

सातव्या महिन्यात, एप्रिलमधल्या एका रविवारी, सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये प्राचीचं डोहाळजेवण झालं. फुलांचा झोपाळा, हिरवी साडी, पेढा की बर्फी, सगळं यथासांग. ओटी भरायची वेळ आली तेव्हा कोणीतरी हाक दिली, "सवाष्णी या गं, पाच जणी!" चार झाल्या. पाचवी म्हणून मला हाक आली, मी उठले. त्याच वेळी विमलकाकू हातातला वाट्यांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराकडे वळल्या. त्यांना कोणी जा म्हटलं नाही. थांबा असंही कोणी म्हटलं नाही. प्राचीने मान वळवून पाहिलं, तेवढ्यात फोटो काढणारा म्हणाला, "मॅडम, इकडे बघा." ती इकडे बघायला लागली. मी तिच्या पदरात पाच ओंजळी तांदूळ घातले आणि बुधवारच्या ट्रिपसाठी मोटेलमधल्या तिसऱ्या खोलीचं बुकिंग पक्कं झालं का याचा विचार करत खाली बसले.

त्या बुधवारी माझ्या गाडीत विमलकाकू होत्या. जावयाने आधीच जागा घेऊन ठेवली होती. सामान चढवताना त्यांची एक कापडी पिशवी वजनदार लागली.

"काकू, यात काय?"

"खाऊ."

"खाऊ इतका गोल?"

"तू गाडी चालव," त्या म्हणाल्या.

बरोबर नागपूरचे देशमुखकाका आणि काकू होते. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त, त्यामुळे प्रत्येक ओढ्याला किती घनफूट पाणी असेल ते सांगणारे. ओठांनी दिशा दाखवायचा नियम ऐकल्यावर त्यांनी लगेच सराव सुरू केला. देशमुखकाकू म्हणाल्या, "अहो, बास. असं तोंड चाळीस वर्षांत माझ्याकडे बघून केलं नाहीत, आता त्या डोंगराकडे बघून काय करता?"

उरलेला रस्ता लांब असतो, म्हणून मी दरीतल्या जागांबद्दल सांगते. दरीच्या एका फाट्यावर दोन शेंड्यांचा सुळका उभा आहे, स्पायडर रॉक. त्यावर स्पायडर वूमन राहते. नावाहो बायकांना विणायला तिने शिकवलं. मी इतकी वर्षं तिला मराठीत "कोळीण" म्हणत आले होते. त्या दिवशीही म्हटलं, "तिथे एक कोळीण राहते, तिने सगळ्यांना विणकाम शिकवलं."

देशमुखकाका म्हणाले, "वाळवंटात कोळीण? इथे मासे कुठले?"

"मासेवाली नाही काका. कोळी, म्हणजे किडा. जाळं करतो तो."

"मग जाळंच ना! मासे पकडायला."

सगळी गाडी हसली. हा विनोद दर ट्रिपला कोणी ना कोणी करतो, मी आता त्यासाठी थांबते. पण त्या दिवशी मागून विमलकाकू म्हणाल्या, "कोळीण नव्हे गं. कोष्टीण म्हण."

"म्हणजे?"

"माझं माहेर कोष्ट्यांचं. आमच्याकडे म्हातारी माणसं त्या किड्याला कोष्टीच म्हणायची. विणतो तो कोष्टी. घरात जाळं दिसलं तरी आजोबा म्हणायचे, भाऊबंद आहे, सावकाश काढा." मग त्या म्हणाल्या, "एवढ्या लांब आमच्यातली एक बसलीय म्हणायची."

इतकी वर्षं मी चुकीचा शब्द वापरत होते. चूक दाखवून देणारं माणूस सहा तासांच्या रस्त्यावर भेटलं, हे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी लॉरेन तिची उघडी गाडी घेऊन आली. लॉरेन साठीची, ठेंगणी, डोक्यावर टोपी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. बर्फ वितळून पात्राला पाणी आलं होतं, तिची गाडी त्या पाण्यातून उड्या मारत जात होती आणि देशमुखकाका घनफूट मोजत होते. लॉरेनने रिवाजाप्रमाणे ओळख करून दिली. आधी आईचं कूळ, मग वडिलांचं, मग दोन्ही आजोबांचं. मी भाषांतर केलं.

"गोत्र!" देशमुखकाका खूश झाले. "पण आईचं आधी?"

"घर आईचं असतं त्यांच्याकडे. मेंढ्यासुद्धा."

"शहाणे लोक," देशमुखकाकू म्हणाल्या.

विमलकाकूंनी कोष्टिणीची सगळी गोष्ट सांगायला सांगितली. लॉरेनने मान हलवली. त्या गोष्टी हिवाळ्यात सांगायच्या असतात, आता ढग गडगडायला लागले, साप-किडे जागे झाले, आता नाही सांगायच्या. मी जरा धसकतच भाषांतर केलं, कारण आलेली माणसं अशा वेळी नाराज होतात. काकूंनी मात्र समजून मान डोलावली. "बरोबर आहे. आमची शुक्रवारची कहाणी तरी श्रावणाशिवाय कुठे वाचतो?" मी हे लॉरेनला सांगितलं. तिने पहिल्यांदा काकूंकडे नीट पाहिलं.

एवढंच तिने सांगितलं की मुलगी जन्मली की तिच्या हातांना जाळं चोळतात, हात विणायला चांगले व्हावेत म्हणून. काकू म्हणाल्या, "आमच्या प्राचीच्या हाताला चोळायला हवं होतं. शाळेत शिवणात नापास." मग पुटपुटल्या, "आता ती करते चिप का काय ते. तेही बारीकच काम."

दुपारी चारच्या सुमारास आम्ही वरच्या कड्यावर, स्पायडर रॉकसमोर आलो. वारा सुटला होता. एप्रिलमध्ये तिथे वारा सुटला की दातांत वाळू येते. बाकीचे कठड्याशी उभे राहून पाहत होते. मी मागे पाहिलं तर विमलकाकू एका सपाट दगडाजवळ बसलेल्या आणि कापडी पिशवी उघडलेली. नारळ, तांदळाची पुडी, हळकुंड, सुपारी, खारीक, हळदकुंकवाची डबी आणि हिरव्या रेशमाचा खण.

मी जवळजवळ धावत गेले. "काकू, नाही. मी सांगितलं होतं."

"कुंकू लावत नाही गं. नुसती ओटी ठेवते."

"ठेवायचं नाही काही."

"देवीची ओटी भरायला कुठली परवानगी लागते? आणि आमच्यातली आहे ती. प्राचीचं सगळं नीट पार पडू दे, एवढंच म्हणते. पाच मिनिटं."

मी पुन्हा नाही म्हटलं. आवाज चढला असावा, कारण लॉरेन आली. तिने दगडावरच्या वस्तूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला तो ब्रश आणि पाण्याचा कॅन आठवला. मी घाईघाईने सांगितलं, ती ठेवणार नाही, सगळं उचलते.

लॉरेन म्हणाली, "हे फळ इथे राहिलं तर कुत्री भांडतील." मग वाकून तिने खण उचलला. पाहिला, आणि लगेच उलटा केला. विणणारी बाई कापड पहिल्यांदा मागून बघते. पैठणी मागूनही पुढच्यासारखीच दिसते, धाग्याचं टोक सापडत नाही. नावाहोंची घोंगडीही तशीच असते, दोन्ही बाजूंनी सारखी. लॉरेनने खण दोनदा उलटसुलट केला, काठावरून अंगठा फिरवला.

"हे कोणी केलं?"

मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "मी. ते गेले तेव्हा मागावर ताणा अर्धा शिल्लक होता. कापून टाकवेना. चौदा महिने रोज थोडं थोडं विणलं. खणापुरतं झालं."

मी त्यातलं "ते गेले" एवढं गाळून सांगितलं, गेलेल्या माणसाचा विषय तिथे नको म्हणून.

"कोणासाठी केलं?" लॉरेनने विचारलं.

"लेकीसाठी," काकू म्हणाल्या.

"लेक कुठे आहे?"

"चँडलरला," मीच सांगितलं. "बाळ होणार आहे तिला."

लॉरेनला काही कळेना. "मग हे सुळक्याला कशाला देते? सुळक्याला बाळ होणार नाही."

आता आली का पंचाईत. बाई विधवा आहे म्हणून तिने मुलीची ओटी भरली नाही, हे सांगायचं तर गेलेल्या नवऱ्याचा उल्लेख करावा लागणार. मी म्हणायला सुरुवात केली, "तिचा नवरा..." आणि लॉरेनने हात वर केला. मी वाक्य बदललं. "ती आता एकटी आहे."

"मी पण," लॉरेन म्हणाली. "सहा नातवंडं आहेत, सगळ्यांना पहिल्या दिवशी मी कापडात गुंडाळलं. एकटं असण्याचा कापडाशी काय संबंध?"

"काय म्हणते?" काकूंनी विचारलं.

"म्हणतात, एकटं असण्याचा कापडाशी काय संबंध."

काकू नारळ पिशवीत ठेवत म्हणाल्या, "रीत आहे म्हणावं."

"विचारतील, कोणी अडवलं."

"कोणी नाही अडवलं. कोणी बाजूला करायच्या आत आपणच व्हावं बाजूला. तेवढाच मान राहतो." त्यांनी तांदळाच्या पुडीला दोऱ्याची गाठ मारली. "तू होतीसच की तिथे."

हे मी लॉरेनला सांगितलं नाही. सांगता आलं असतं. खण तिने काकूंच्या हातात दिला, दोन्ही हातांनी दिला, आणि गाडीकडे गेली. दगडावर काही राहिलं नाही ना, हे मी वाकून पाहिलं. एक सुपारी घरंगळून फटीत गेली होती, ती काडीने काढली.

शुक्रवारी परतताना विमलकाकू पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. देशमुखकाका झोपले, बाकीचे झोपले. पेसनच्या थांब्यावर पाट मांडला आणि हात दिला, तेव्हा काकू हात धरून उभ्या राहिल्या.

"मेधा, एक काम करशील?"

"बोला."

"ही ओटी तू भर प्राचीची. माझ्या नावाने नको, तुझ्याच. तू सवाष्ण आहेस. खण तिला मिळाल्याशी कारण."

"बघू," मी म्हटलं. मला ग्राहकाला पटकन नाही म्हणता येत नाही, धंद्यातली सवय. पण पेसन ते चँडलर हा दीड तासाचा उतार आहे, आणि त्या उतारावर मला गाडीपेक्षा तो "बघू" जास्त सांभाळावा लागला.

एरवी मी दारात सोडते, सामान उतरवते आणि निघते. घरात गेले की चहा होतो, चहा झाला की फोटो दाखवतात. त्या दिवशी बाकीच्यांना सोडून झाल्यावर शेवटी प्राचीकडे आले आणि काकूंबरोबर आत गेले. प्राची सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. पाय सुजलेले, अंगात नवऱ्याचा टी-शर्ट, मांडीवर लॅपटॉप.

काकूंनी पिशवी माझ्या हातात दिली. "प्राची, नीट बस. मेधाला तुझी ओटी भरायचीय."

"परत? रविवारी भरली की त्यांनी." प्राचीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. ती मूर्ख मुलगी नाही. मी खण बाहेर काढल्यावर तिचा चेहरा बदलला. "हा आपल्या मागावरचा रंग आहे. आई, हा तू विणलास? मग तू भर ना."

"अगं, मी कशी..."

"तूच भर."

"प्राची, हट्ट करू नकोस. नऊ वर्षांनी हा दिवस आलाय. मला उगाच शंका नको. ही सवाष्ण बाई आहे समोर, तिच्या हातून होऊ दे."

मी भावनेच्या भरात काही करत नाही. तेव्हाही नाही केलं. दीड तास विचार केला होता. मी पिशवी टीपॉयवर ठेवली आणि म्हटलं, "काकू, माझा घटस्फोट होऊन सहा वर्षं झाली."

प्राचीने मांडीवरचा लॅपटॉप मिटला.

"तुझे मिस्टर तिकडे टेक्ससला, अर्विंगला असतात ना, प्रोजेक्टवर?" काकूंनी विचारलं.

"अर्विंगलाच असतात. दुसऱ्या संसारात. प्रोजेक्टवर आहेत असं मी एकदा म्हटलं, पुढे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही."

"ओ माय गॉड, मेधाताई," प्राची म्हणाली.

"मग रविवारी उठलीस कशी ओटी भरायला?"

"हाक मारली म्हणून. पाचवी कमी पडत होती."

काकू खुर्चीत बसल्या. त्यांनी मुलीच्या पोटाकडे पाहिलं आणि माझी चूक मला कळली. त्यांना धीर द्यायला बोलले होते, आणि दिली होती आणखी एक शंका. नऊ वर्षांनी राहिलेलं बाळ, आणि ओटी भरणाऱ्यांत एक खोटी. मी म्हणणार होते की काकू, असलं काही नसतं. पण नसतं हे त्यांना सांगणारी मी कोण? मला फक्त बाथरूम कुठे आहेत ते माहीत.

त्या बोटांवर काही मोजत होत्या. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "रविवारी चारच झाल्या."

"चारच."

"एक राहिली."

"राहिली."

"अर्धवट ओटी ठेवून चालत नाही," असं त्या कोणाला म्हणाल्या कोण जाणे. उठल्या, बेसिनपाशी जाऊन हात धुतले, पदराला पुसले. "प्राची, पदर घे काहीतरी."

पदर कुठला? प्राचीने टी-शर्टची खालची कड दोन्ही हातांनी पुढे धरली, पोटावर ती जेमतेम ताणली गेली. काकूंनी तिला हळदकुंकू लावलं. पहिली ओंजळ घालताना निम्मे तांदूळ सोफ्यावर गेले. दुसरी बरी पडली. तिसऱ्या ओंजळीला प्राची रडायला लागली. "आई, रविवारी मी तुला हाक मारायला हवी होती. मी बघितलं होतं तुला जाताना."

"हलू नकोस, सांडतंय," काकू म्हणाल्या आणि चौथी ओंजळ घातली. मग पाचवी. मग हळकुंड, सुपारी, खारीक, नारळ, आणि सगळ्यांत वर खण. खण ठेवल्यावर हात लगेच काढला नाही. तळव्याने एकदा सारखा केला, मागावरचं कापड सारखं करतात तसा.

मी सोफ्याच्या फटीतले तांदूळ वेचायला लागले, कारण कोणाला तरी ते करावंच लागणार होतं.

हे मी लिहिलेलं आता छापून येईल आणि चँडलरमध्ये सगळ्यांना कळेल. पुढच्या डोहाळजेवणाला मला पाचवी म्हणून हाक येणार नाही, हे मी धरून चालले आहे. जेवायला बोलवा, एवढंच. त्या रविवारी विमलकाकूंना "थांबा" म्हणायला मला एक सेकंद लागला असता, आणि बुकिंग काय, नंतरही झालं असतं. माझ्या धंद्यात दुसऱ्यांच्या गुडघ्यांकडे लक्ष ठेवायची सवय लागते, बाकीकडे दुर्लक्ष होतं.

मी निघायला उठले तेव्हा काकू म्हणाल्या, "तू कुठे चाललीस? खोटं सांगून शुभकार्याला उभी राहतेस, आणि आता पळतेस? बस इथे."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. बसले. त्यांनी पुडीतले उरलेले तांदूळ हातात घेतले.

"काकू, मला कशाला..."

"एकटं असण्याचा काय संबंध? पदर घे."

माझ्या अंगात पॅन्ट-शर्ट होता, तीन दिवसांची धूळ खाल्लेला. मीही शर्टची कड धरली. नारळ एकच होता, तो प्राचीकडे गेलेला. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांच्या सामानाबरोबर आत आलेल्या माझ्याच गाडीतल्या खाऊच्या डब्यातलं उरलेलं एक संत्रं उचलून माझ्या ओटीत घातलं.

ते मी घरी जाताना पहिल्याच सिग्नलला सोललं. गोड निघालं.